काचेवरचे शेवाळ

आमच्या दिवाणखान्यात दोनशे लिटरचा एक समुद्र आहे. मुलाने हट्टाने खाऱ्या पाण्याची टाकी मागितली, वर्षभरात त्याचा उत्साह ओसरला आणि दोन क्लाउनफिश, एक जांभळापिवळा ग्रामा व थोडी मऊ प्रवाळे माझ्या वाट्याला आली. त्यांच्याबरोबर काचेवरचे शेवाळही आले.

खाऱ्या टाकीच्या काचेवर दोनतीन दिवसांत हिरवट साय धरणे हे स्वाभाविकच. प्रारंभी तपकिरी भुकटीसारखे डायटम येतात, मग हिरवा थर, आणि टाकी मुरली की गुलाबी, कठीण कोरलाइन शेवाळ. हे शेवटचे पाण्यात कॅल्शियम पुरेसे असल्याची खूण. खडकावर ते शोभते, समोरच्या काचेवर मात्र पात्याने खरवडूनच काढावे लागते. हिरव्या थरासाठी चुंबकाची घासणी पुरते. ती तळाच्या वाळूला लागू द्यायची नाही, हे मी नुकसान झाल्यावर शिकलो. घासणीत अडकलेल्या एका कणाने काचेवर वीतभर ओरखडा उमटला. शेवाळ आजही सर्वांत आधी त्याच ओरखड्यात धरते.

गेल्या हिवाळ्यात मात्र सकाळी पुसलेली काच दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी होऊ लागली. १४ एप्रिलला जयंतीनिमित्त पंचवीस माणसे घरी यायची होती, तोवर हे आवरायला हवे होते. दिव्याची वेळ मी दहा तासांवरून सातवर आणली. चार ट्रोकस गोगलगायी आणल्या. या जातीच्या गोगलगायी उलट्या पडल्या तरी बहुधा स्वतःच सरळ होतात. नळाच्या पाण्याविषयीही शंका होती. ब्रिटनमध्ये जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू नये म्हणून पाणीपुरवठ्यात अल्प प्रमाणात फॉस्फेट मिसळतात. माणसाला ते बाधत नाही, शेवाळाला मात्र खत होते. म्हणून आरओ यंत्र बसवले. एक लिटर शुद्ध पाण्यामागे ते तीन लिटर मोरीत सोडू लागले. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने पहिल्याच दिवशी त्या नळीखाली बादली लावली. त्या पाण्याने फरशी पुसली जाई, कुंड्या भिजत.

इतके करूनही फॉस्फेटची चाचणी लिटरला ०.४ मिलिग्रॅम दाखवत होती. मला ते ०.१ च्या आत हवे होते. दर रविवारी वंदनेनंतर दुःखाच्या कारणापर्यंत जाण्याविषयी मुलांशी तळमळीने बोलणारा मी, सोमवारी पहाटे पुन्हा काच घासत उभा असे.

कारण एका दुपारी दिसले. कामावरून लवकर आलो, तर आई टाकीपुढे खुर्ची घेऊन बसली होती आणि चिमटीचिमटीने खाद्य सोडत होती. मासे काचेपाशी येऊन तोंडे उघडत होते. मी सकाळी घालत होतो, मुलगा आठवण झाली की संध्याकाळी, आणि आई दिवसातून चारदा. उरलेले खाद्य वाळूत कुजत होते.

“आई, त्यांना पुरेसं मिळतं गं.”

“मग तोंडं का उघडतेत? उपाशी लेकरू असंच बघतंय.”

यावर काय बोलणार? १९७२ च्या दुष्काळात आई चौदा वर्षांची होती. बीड जिल्ह्यात दुष्काळी कामावर ती आजीबरोबर खडी फोडायला जाई. तिथे मिळणारी सुकडी ती पदरात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणी. वस्तीची विहीर आटल्यावर गावच्या विहिरीवर काठापासून दूर उभे राहून कोणी घागरीत वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागे, हेही तिने मला एकदाच, भाकरी थापता थापता, सांगितले होते. अशा बाईला ‘खायला घालू नकोस’ कसे म्हणावे? दोन दिवस मी काहीच बोललो नाही. काच घासत राहिलो.

तिसऱ्या दिवशी तिच्या गोळ्यांची सात खणांची रिकामी डबी घेतली आणि प्रत्येक खणात एका दिवसाचे खाद्य मोजून भरले. म्हटले, “यापुढे आम्ही दोघं हात लावणार नाही. जेवण तुझ्याकडे.” तिने डबी उघडून पाहिली. “एवढंच?” मग थोड्या वेळाने, “निम्मं सकाळी, निम्मं रात्री घालीन.” मी होकार दिला.

काच लगेच स्वच्छ झाली नाही. खडकाने शोषलेले फॉस्फेट कित्येक आठवडे पाण्यात उतरत राहते. ते एकदम खाली आणले तर प्रवाळांना सोसत नाही, आणि अगदी शून्यावर नेले तर शेवाळापेक्षा चिवट असा डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी चिकटा येऊ शकतो. म्हणून मी घाई केली नाही. जयंतीच्या दिवशी कडांना हिरवे होतेच. मुलांना त्याचे काही नव्हते. त्यांना आई खाद्य कसे घालते ते पाहायचे होते, आणि रात्रीच्या वाट्याला हात न लावता तिने तो सोहळा सकाळच्या निम्म्यातच पार पाडला.

मेच्या अखेरीस ती परत गेली. आता चार-पाच दिवसांतून एकदा घासणी फिरवली की पुरते. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती मला फोन टाकीसमोर धरायला लावते, माशांची चौकशी करते आणि म्हणते, “उजव्या कोपऱ्यात राहिलंय बघ.”