आबांचं डिझेल इंजिन

1248 सीसी. हा आकडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातल्या आरसी बुकावर असेल, निदान काही वर्षांपूर्वी तरी होता. 2007 पासून 2020 पर्यंत आपल्याकडे ज्या छोट्या डिझेल गाड्या खपल्या, त्यांतल्या कितीतरी गाड्यांचं इंजिन एकच होतं, फियाटचं 1.3 मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुढे अर्टिगा आणि ब्रेझासुद्धा. बॉनेटवरचा शिक्का वेगळा, आत ऐवज तोच. मोटारींवर लिहिणारे लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. मारुती ते हरियाणात मानेसरला बनवायची आणि फियाट-टाटांच्या गाड्यांसाठी ते पुण्याजवळ रांजणगावला बनायचं, म्हणजे अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावी. "इंजिन इटलीचं, पण प्रसाद आपला," असं आबा म्हणायचे.

आबा म्हणजे माझे वडील. पीथमपूरच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली, त्यामुळे गाडी घेताना ते रंग बघत नाहीत, कॉम्प्रेशन रेशो विचारतात. 2012 मध्ये आम्ही डिझेल गाडी घेतली. कुठल्या कंपनीची ते सोडून द्या, वर सांगितलंच की आतून सगळ्या सारख्या. 2010 मध्ये सरकारनं पेट्रोलचे भाव मोकळे केले होते, डिझेलवरचं नियंत्रण मात्र 2014 च्या ऑक्टोबरपर्यंत टिकलं. मधल्या काळात दोन्हींच्या भावात एवढा फरक होता की डिझेल गाडीसाठी लोक महिनोन्महिने थांबायचे. आम्हीही थांबलो.

या इंजिनाची कुंडली अशी: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 69.6 मिलिमीटर, पिस्टनची धाव 82 मिलिमीटर, सोळा व्हॉल्व्ह. साध्या टर्बोच्या इंजिनाची ताकद 75 पीएस आणि टॉर्क 190 न्यूटन-मीटर, तोही 2000 आरपीएमला. पुढे व्हेरिएबल टर्बो लावून 90 पीएसचं आलं. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो. हवा सतरा-साडेसतरा पट दाबली की ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तोच प्रकार. हा फवारा मारण्याची रीत म्हणजे कॉमन रेल. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाब असतो, इथे हजार बारच्या वर. 1997 ची अल्फा रोमियो 156 ही असं इंजिन असलेली पहिली मोटार. मल्टिजेटमध्ये सुधारणा ही की एका स्फोटासाठी डिझेल एकदम न टाकता अनेक छोट्या फवाऱ्यांत टाकायचं, म्हणजे खडखड कमी आणि जळणं स्वच्छ.

टर्बो म्हणजे लोहाराचा भाता, फक्त तो हलवायला माणूस लागत नाही. धुराड्याकडे जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे, आणि आधार काय तर ऑइलचा पातळ थर! म्हणून आबा लांबून आल्यावर लगेच किल्ली फिरवत नाहीत. मिनिटभर इंजिन चालू ठेवतात आणि तेवढ्यात आई डिकीतल्या पिशव्या मोजून घेते.

धूर कमी असताना मात्र भाता हलत नाही. 2000 आरपीएमच्या खाली हे इंजिन अगदी मऊ पडतं आणि वर गेलं की एकदम उसळी घेतं. नाशिकहून परतताना पळासनेर सोडलं की बिजासनचा घाट लागतो, पुढे धामनोदनंतर गणपती घाट. पुढे ट्रक, मागे ट्रक. आबांचा तिथला एकच हुकूम असायचा, काटा दोन हजाराच्या खाली जाऊ द्यायचा नाही, त्याआधी गिअर खाली आण. मी गाडी शिकले ती खरं तर या दोन घाटांत. नाशिक, पुणे, लग्नं, मुंजी, वर्षातून तीन-चार वेळा हा रस्ता व्हायचा आणि इंजिन एकदाही कुरकुरलं नाही.

2019 मध्ये आबांच्या गुडघ्यांनी संप केला. तेव्हापासून गाडी पलासियातच आहे. छप्पन दुकान, गीता भवन, फार तर राजवाडा. सकाळी पोह्यांसाठी काढली तर दहा मिनिटांत परत. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. आणि माझ्या मते टर्बो-डिझेलचे बहुतेक आजार इथेच सुरू होतात. लोक म्हणतात गाडी जास्त चालली म्हणून खराब झाली. डिझेलचं बरेचदा उलट असतं.

गेल्या वर्षी तिनं काळा धूर सोडायला सुरुवात केली. ओढ गेली. बंगाली चौराह्याच्या पुलावर चढताना दुसऱ्या गिअरमध्येही दम लागायचा, आणि ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून सुसकारा ऐकू यायचा. एका गॅरेजनं पाहिल्याबरोबर निदान केलं, टर्बो गेला, बदलावा लागेल. आकडा ऐकून पुण्याच्या माझ्या भावानं फोनवरच निकाल दिला, "भंगारात घाल." त्याच्या मते डिझेलला दहा वर्षांच्या वर परवानगीच नाही. हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे म्हणून सांगते, तो दहा वर्षांचा नियम दिल्ली-एनसीआरसाठी निघाला. इंदूरच्या आमच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, 2027 पर्यंत आहे, आणि पुढे फिटनेस झालं तर नूतनीकरण होतं.

भावाची मुलगी इथे कॉलेजला आहे, आमच्याकडेच राहते. ती म्हणाली, "आत्या, टर्बो गेला असता तर निळा धूर यायला हवा ना? ऑइल जळाल्याचा?" मुद्दा बरोबर होता. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा पुरत नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली, पातळी जागच्या जागी. मग आबांच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी दिव्याच्या उजेडात इंटरकूलरचा रबरी पाइप वाकवून दाखवला, खालच्या बाजूनं बोटभर चिरलेला. टर्बो हवा दाबत होता, ती वाटेतच निसटत होती. सुसकारा तोच.

खरा पसारा पुढे निघाला. ईजीआर नावाचा एक व्हॉल्व्ह असतो. प्रदूषण कमी व्हावं म्हणून तो थोडा जळका वायू परत इंजिनात सोडतो. मोकळ्या रस्त्यावर फारसं काही अडत नाही, पण सिग्नलला थांबत, थंड इंजिनानं चाललं की काजळी आणि ऑइलची वाफ मिळून त्याचं डांबर होतं. आमचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहूनच चिकटला होता. मिस्त्रींनी चमच्यानं ते काळं खरवडून काढलं आणि म्हणाले, "भिया, इसको हाइवे दिखाओ कभी-कभी." भिया मी नव्हे, आबा.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे. ती आयुष्यभराची, असं सांगितलं जायचं. पण तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल काजळीनं जड झालं की साखळी झिजते, सैल होते. खूण अशी, सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन सेकंद धातूचा खुळखुळाट, मग शांत. दुर्लक्ष केलं आणि साखळीनं एक दात उडी मारली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग इंजिन उघडण्याशिवाय इलाज नाही. आमच्याकडे खुळखुळाट नुकताच सुरू झाला होता. इतका उशिरा सुरू झाला तो आबांमुळे. कंपनीच्या पुस्तकात ऑइल दहा हजार किलोमीटरला बदला असं असतं, पण गावात फिरणारी गाडी वर्षाला दोन हजारसुद्धा करत नाही. आबा किलोमीटर बघतच नाहीत, दर दिवाळीआधी ऑइल आणि फिल्टर बदलतात. फराळाचं सामान आणि तीन लिटर ऑइल एकाच यादीत असतं!

साखळी, टेन्शनर, पाइप, ईजीआरची सफाई असा सगळा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास गेला. भावाला अजून पटलेलं नाही. त्याचं एक म्हणणं मला मान्य आहे, की पलासियातच फिरायचं तर डिझेल घेऊ नये. नव्या बीएस-6 डिझेल गाड्यांत तर काजळी पकडणारी डीपीएफ जाळी असते. ती साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापलेलं राहावं लागतं, दहा मिनिटांच्या फेऱ्यांत ती तुंबते. तुमचा रोजचा प्रवास ऑफिस आणि सराफ्यापुरता असेल तर पेट्रोल किंवा बॅटरीची गाडी बघा. पण हे नवीन घेण्याविषयी झालं. आमच्याकडे इंजिन आहेच, आणि 2020 नंतर ते आपल्याकडे नवीन मिळत नाही.

हल्ली दर दुसऱ्या रविवारी भाची आणि मी आबांना मागे बसवून खलघाटपर्यंत जाऊन येतो. नर्मदेच्या पुलाच्या अलीकडे चहा, मग परत. येताना गणपती घाटात ती चालवते आणि मागून आवाज येतो, "काटा बघ, काटा." दिवाळीनंतर नाशिकला लग्न आहे. त्याआधी डिझेल फिल्टर बदलायचाय, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं.