पाहिलं ते लिहा

मे महिन्यात दुपारी वर्ध्यात कोणी घराबाहेर पडत नाही. पारा 45 अंशांवर आणि कूलरमध्ये तिसऱ्यांदा पाणी टाकलेलं. 2016 सालच्या अशाच एका दुपारी मी खाटेवर पडून मोबाइलवर मत देत होतो. आईनं विचारलं, "कोणाले मत देऊन राह्यला रे? आता कायचं इलेक्शन?" मी म्हटलं, "मँचेस्टरचं." ती पुढे काही बोलली नाही.

मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबमध्ये हंगाम संपला की पाठीराखे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडतात. पुरस्काराला सर मॅट बझ्बी यांचं नाव आहे. 1988 साली तो पहिल्यांदा ब्रायन मॅक्लेअरला मिळाला. मी मत दिलं त्या वर्षी गोलकीपर डेव्हिड दे हेआला तो सलग तिसऱ्यांदा मिळाला. टीम चाचपडत होती, एकटा गोली वाचवत होता, हे रात्री एक-एक वाजता टीव्हीसमोर बसणाऱ्या आम्हाला दिसतच होतं.

पण मजा आली पुढच्या वर्षी. 2016-17 मध्ये इब्राहिमोविचनं 28 गोल केले. पाठीराख्यांनी निवडलं अँडर हेरेराला, मधल्या फळीत पळपळ पळणाऱ्या माणसाला. खेळाडूंचं आपसातलं मतदान वेगळं असतं. त्यात निवडून आला व्हॅलेंसिया. म्हणजे एकच टीम, एकच हंगाम आणि तीन उत्तरं. हे मला इतकं आवडलं की आमच्या मैदानावरही असं काही व्हावं, हा किडा तेव्हाच डोक्यात शिरला.

आमचं मैदान म्हणजे काय, तर दोन गोलपोस्ट, एका कोपऱ्यात बाभूळ आणि मध्ये हिरवळीची आठवण. सभा किंवा प्रदर्शन लागलं की आठ दिवस खेळ बंद, आणि मग महिनाभर मांडवाच्या खुंट्यांची भोकं बुजवत बसायचं. टीममध्ये सगळा मिळून काला: रेल्वेतले दोघं, सेवाग्रामच्या मेडिकलची पोरं, मोहल्ल्यातली पोट्टी आणि हिंदी विद्यापीठात शिकायला आलेला एक मणिपुरी मुलगा, डावा बॅक. 2022 मध्ये 'झुंड' सिनेमा आला. तो ज्यांच्यावर बेतलाय ते विजय बारसे म्हणजे आमच्या बाजूच्या नागपूरचे. त्यानंतर काही दिवस लहान पोरांची गर्दी झाली आणि मग ऊन तापलं तशी ओसरली.

दर हंगामाच्या शेवटी 'उत्कृष्ट खेळाडू'चा कप सेक्रेटरी भाऊ द्यायचे. निवड तेच करायचे. बहुतेक वेळा ज्याचे गोल जास्त त्याला, आणि एकदा तर ज्याच्या काकानं जर्स्या दिल्या त्याला. मी म्हटलं, यंदा पाहणाऱ्यांना विचारू. भाऊ म्हणाले, "विचार. पण भांडण झालं तं तूच निस्तर."

मी मोबाइलवर फॉर्म बनवला आणि ग्रुपवर टाकला. आमचे प्रेक्षक फार तर चाळीस, तेही मैदानाला फेऱ्या मारणारे मधुमेही धरून. दोन दिवसांत मतं आली 312. निवडून आला आमचा राखीव खेळाडू, जो अख्ख्या हंगामात तीनदा उतरला होता, तेही शेवटची वीस मिनिटं. हिंगणघाटचे मामा, आर्वीचे आत्येभाऊ, पुण्यातली बहीण, बहिणीची नणंद, नणंदेचं ऑफिस, सगळ्यांनी हक्क बजावला होता. नगरपालिकेला इतकं मतदान होत नाही.

तसं पाहिलं तर हे आमच्याकडेच होतं असं नाही. फिफाचा पुश्काश पुरस्कार हा वर्षातल्या सर्वात सुंदर गोलसाठी. 2018 मध्ये लोकांच्या मतांवर तो मोहम्मद सालाहच्या गोलला मिळाला आणि बेल, रोनाल्डो यांच्या उलट्या लाथेचे गोल मागे पडले. सालाहचा गोल चांगलाच होता, पण त्याच्यामागे लोक किती होते! नंतर फिफानं लोकांच्या जोडीला माजी खेळाडूंचं मतही धरायला सुरुवात केली. मला माजी खेळाडूंची समिती परवडणार नव्हती. मी सरळ मतदान रद्द केलं आणि नवा नियम जाहीर केला: जो मैदानावर आला, त्यालाच मत.

संध्याकाळी बाभळीखाली एसटीतून निवृत्त झालेले एक काका घरून खुर्ची आणून बसतात. टीम हरो की जिंको, काकांचा दिवस चुकत नाही. त्यांनी मला हाक मारली.

"काहून रे, तू तं दरसाल त्या मँचेस्टरले मत देतं म्हणे?"

"हाव काका."

"मंग तू कुठी गेलता तिथं मॅच पाहाले?"

आजूबाजूची पोट्टी फिदीफिदी हसली. मी म्हटलं, मी टीव्हीवर एक-एक मॅच पाहतो, रात्री जागून पाहतो, ते वेगळं. काका म्हणाले, "बरं." त्यांच्या त्या 'बरं'नं मला जास्त छळलं.

त्याच रात्री पुण्याहून फोन आला. राखीव खेळाडूची बहीण. आवाजात राग नव्हता, पण सरळ मुद्द्यावर आली. म्हणाली, "दादा, बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी सगळ्या मॅच पाहिल्यात. तो बाकावर बसला की पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून व्हिडिओ कॉल लावतो. तो खेळायला उतरला तरी कॉल चालूच असतो." मी गप्प. मग तिनं विचारलं, "सेमीफायनलला शेवटच्या मिनिटाला त्यानं रेषेवरून बॉल काढला, तो तुम्ही पाहिला होता का?"

नव्हता पाहिला. मी तेव्हा गेटबाहेर चहा सांगायला गेलो होतो.

त्या वर्षी कप कोणालाच दिला नाही. भाऊंनी तो कपाटात ठेवला आणि वर्षभर मला दिसेल असाच ठेवला.

पुढच्या हंगामात मी नियम पुन्हा बदलला. मत कोणीही, कुठूनही द्यावं, पण नावाखाली एक गोष्ट लिहायची, त्या खेळाडूची आपण स्वतः पाहिलेली. गोष्ट नसेल तर मत बाद. दुकानाच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीच्या पट्ट्या कापल्या, गोरसपाक बिस्किटांच्या रिकाम्या खोक्याला वरून फट पाडली आणि शेवटच्या दोन मॅचना ते काकांच्या खुर्चीजवळ ठेवलं. बाहेरच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायचं आणि मी ते चिठ्ठीवर उतरवून खोक्यात टाकायचं. 312 वरून मतं 61 वर आली. एक गोष्ट लिहायची म्हटलं की नणंदेचं ऑफिस आपोआप गळतं.

मोजायला आम्ही तिघं बसलो: भाऊ, काका आणि मी. दहा मिनिटांचं काम, पण दीड तास लागला, कारण प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची असं काकांनी ठरवलं. स्टॉपरबद्दल कोणी लिहिलं होतं, "शिव्या लय देते, पण आपल्याच गोलीले देते." गोलीबद्दल, "पेनल्टी सुटली तं हा रडला, मी पाहिलं." आमच्या गोल मारणाऱ्या फॉरवर्डच्या सतरा चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यातल्या बारांवर नुसतं "गोल मारतो" एवढंच. ही गोष्ट धरायची की नाही यावर भाऊंचा आणि माझा वाद झाला. शेवटी धरली. रेफरीलाही एक मत होतं, "घड्याळ पाहत नाही" असं लिहिलेलं. ते बाद.

सर्वात जास्त निघाली डाव्या बॅकची, एकवीस. "सगळ्यात आधी येऊन नेट बांधते." "समोरच्या टीमच्या पोट्ट्याचा पाय मुरगळला तं यानं बॉल बाहेर मारला, आपण एकानं मागं असतानी." "डाव्या बाजूनं पळते तं धूळच दिसते." एका शाळकरी पोरानं लिहिलं होतं, "मले त्यानं लेस बांधायले शिकवली." लेस बांधणं फुटबॉलमध्ये मोडतं का, असं भाऊंनी विचारलं. काकांनी ती चिठ्ठी आधीच गठ्ठ्यात सरकवली होती.

पुण्याहून आलेलं मत भावालाच होतं. गोष्ट लिहिली होती, "बदली म्हणून उतरताना हा प्रत्येक वेळी आधी बाटली सरळ करतो, मला नीट दिसावं म्हणून." राखीव खेळाडूला एकूण तीन मतं पडली.

बक्षीस समारंभ मार्चमध्ये, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. वर्ध्यात कोणाचाही सत्कार सूतमालेनं होतो, मग मंत्री असो की डावा बॅक. काकांनी ती त्याच्या गळ्यात घातली. गोरसपाकचा डबा दिला, तो यावेळी भरलेला, आणि वर्षभर थांबलेला कपही. फॉरवर्डनं टाळ्या वाजवल्या आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, माह्यावर बाकी काही नाही का लिहिलं कोणी?" मी म्हटलं, पाच चिठ्ठ्या आहेत, दाखवतो.

डाव्या बॅकला त्याच्या एकवीस चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधून दिल्या. देवनागरी त्याला चांगली वाचता येते, अडतं ते आमच्या बोलीपाशी. गर्दी पांगली तरी तो गोलपोस्टला टेकून एकेक चिठ्ठी वाचत बसला होता. मी खुर्च्या आवरत होतो तर त्यानं मला बोलावलं, एका चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "भैया, ये 'लय जीव लावून खेयते' का मतलब क्या हुआ?"

मी हिंदीत सांगायला गेलो आणि अडकलो. मग काकांना हाक मारली.