वय झालं असेल...

आमचा ऑस्कर म्हणजे डॅशहाउंड. लांबलचक अंग, इवलेसे पाय आणि लोंबते कान. नातीने हौसेने पाळला, पुढे तिचं कॉलेज सुरू झालं आणि स्वारी कामथडीला आमच्याकडे मुक्कामाला आली. गावातले लोक अजून विचारतात, "सर, ह्याचं पाय वाढायचं राहिलं का हो?" मग माझ्यातला मास्तर जागा होतो. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर, 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बॅजरला बाहेर काढण्यासाठी ही जात तयार केली, म्हणून पाय आखूड आणि छाती दणकट, वगैरे. ऐकणारा तोवर निघून गेलेला असतो. असो.

तर गेल्या श्रावणातली गोष्ट. ऑस्कर गप्प गप्प झाला. एरवी पेपरवाल्याची मोटरसायकल वाजली की हा आधी फाटकाशी. आता नुसती मान वर करायचा आणि पुन्हा गोणपाटावर डोकं टेकायचा. संध्याकाळी फिरायला निघालो की पारापाशी बसकण मारायचा. जेवत होता, पण ताटली चाटूनपुसून लख्ख करणं थांबलं होतं. नाकाला हात लावून पाहिला, गार लागलं. म्हणजे ताप नाही! मी निकाल देऊन टाकला, "नऊ वर्षांचा झालाय, वय झालं असेल. त्यातून ही पावसाळी हवा."

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

मी गप्प. काय बोलणार? त्या वर्षी ही जिना चढताना मध्येच थांबायची, दुपारी पडून राहायची, आणि मी चहाला उशीर झाला म्हणून कुरकुरायचो. तपासायला न्यायला चार महिने लावले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुतण्याच्या गाडीतून निघालो. किकवी, सारोळा करत नीरा नदी ओलांडली की शिरवळ. तिथे १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं. तपासायला माझ्या नातीएवढी दिसणारी डॉक्टर मुलगी. तिचा पहिला प्रश्न, "कधीपासून असं आहे?"

मी म्हणालो, "झाले असतील आठ-दहा दिवस."

"नागपंचमीपासून," ही म्हणाली. "पुरणाच्या दिंडांचा वास सुटला तरी जागचा उठला नाही."

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्या पाठीवरून हलकेच बोटं फिरवली. या जातीत मणक्यांमधल्या गाद्या लवकर कोरड्या पडून कडक होतात. पाठ दुखत असली की कुत्रा हालचाल टाळतो आणि आपल्याला वाटतं, आळशी झाला. म्हणून वजन वाढू द्यायचं नाही, खाटेवरून उड्या मारू द्यायच्या नाहीत, आणि उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. ऑस्करची पाठ सुदैवाने ठीक निघाली.

मग तिने ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. गुलाबी हव्यात, त्या फिकट होत्या. थर्मामीटर १०४ वर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ असतं, आणि नाक गार की गरम यावरून काही कळत नाही. शेवटी मागच्या पायाच्या बोटांमध्ये दोन गोचीड सापडले. रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी. गोचीडताप! एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडातून रक्तात जातो आणि पांढऱ्या पेशींत घर करतो. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या, २८ दिवस, जेवणासोबत आणि वर पाणी. बजावलं, की बरा दिसला तरी मध्येच थांबवायचं नाही. घराच्या भिंतींच्या फटीही साफ करायला सांगितल्या, कारण गोचीड तिथेच लपून अंडी घालतात.

"घरचं काही औषध दिलंत का?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. आदल्या रात्री माणसांची तापाची अर्धी गोळी हातात घेतली होती, हिने ती काढून घेतली. तसल्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात हे तिथे कळलं.

आठवड्याभरात ऑस्कर पुन्हा फाटकाशी जाऊ लागला. पण तो 'कधीपासून'चा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. चाळीस मुलांची हजेरी रोज घेणारा मी, घरातल्या दोघांची मात्र कधी घेतली नाही. कुत्रा तसाही दिवसातला निम्मा वेळ झोपतो, त्यामुळे झोपेवरून काही समजत नाही. रोज काय करायचा आणि आज काय केलं नाही, हे बघावं लागतं. म्हणून एक शंभर पानी वही केली. फाटकापर्यंत गेला का, ताटली संपवली का, पारापुढे आला का, एवढंच लिहितो.

परवा वही उघडली तर ऑस्करच्या नोंदीखाली हिच्या अक्षरात एक ओळ: "ऑस्कर गेला. हे मात्र तीन दिवस पारापर्यंत जात नाहीत. रात्री चारदा पाण्याला उठतात."

मी म्हणालो, "अगं, वय झालं..." आणि पुढचं गिळलं.

सोमवारी साखर तपासायला जायचं आहे. उपाशीपोटी.