टर्बो, कुलूप आणि ६६

नव्वदच्या दशकात आमच्यासारख्या घरांत कॉम्प्युटर आला तो जोडून आलेला. नामांकित कंपनीचा तयार संच परवडत नसे. मग बाबांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीनं ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क असं सुटंसुटं घ्यायचं आणि दुकानदारानं ते जोडून दिलं की डोंबिवली लोकलमध्ये मांडीवर धरून आणायचं. आतल्या सामानाचे निर्णय जाणत्यांनी घेतले. कॅबिनेट मात्र सगळ्या घरानं पसंत केलं, कारण हॉलमध्ये दिसणार होतं ते तेवढंच.

मळकट पांढरा रंग, जाड पत्रा, पुढे टर्बोचं बटण, छोटं कुलूप आणि हिरव्या दिव्यांत प्रोसेसरच्या वेगाचा ६६ हा आकडा. टर्बो बंद केला की आकडा ३३ वर यायचा. प्रत्यक्षात तो वेग मोजत नसे. आकडे मागच्या जंपरवर आधीच बसवलेले असत. आम्हा भावंडांचा मात्र त्यावर गाढ विश्वास होता. कुलूप लावलं की कीबोर्ड बंद व्हायचा, म्हणून परीक्षेच्या दिवसांत किल्ली बाबांच्या खिशातून ऑफिसला जायची. आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल वर असे. खंडेनवमीला पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूची माळ. आत्याच्या लग्नाची माहितीपत्रकं, सोसायटीच्या नोटिसा, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या याच डब्यातून निघाल्या.

आत असलेला ४८६ प्रोसेसर थकला, नवे कॉम्प्युटर आले, आणि हे कॅबिनेट माळ्यावर गेलं. भंगारात द्यायचा विषय दर दिवाळीच्या साफसफाईत निघायचा आणि दर वेळी कुणीतरी आडवं यायचं. शेवटी आम्ही भावंडांनीच ठरवलं की यात आजचा कॉम्प्युटर बसवायचा. दादाची एकच अट होती, पुढून काहीही बदललेलं दिसता कामा नये. मला ती मनापासून पटली. बाजूला काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेट दुकानात भरपूर मिळतात. त्यासाठी हे कापायचं कारण नाही.

मागून मात्र कापावंच लागलं. आमचं कॅबिनेट एटी जातीचं. त्याच्या पाठीला कीबोर्डच्या पिनेपुरतं गोल भोक आणि प्रिंटर-माऊसच्या जोडण्यांसाठी चपट्या खाचा. १९९५मध्ये इंटेलनं एटीएक्स ही रचना आणली आणि सगळ्या जोडण्या बोर्डाच्या एका कडेला आल्या. त्यांच्यासाठी पत्र्यात १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची खिडकी हवी. काकांचं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेलं. त्यांनी आधी आतलं सगळं बाहेर काढायला लावलं, कारण लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर शॉर्ट होतो. मग रेघ मारली, कोपऱ्यांत ड्रिल घातलं आणि म्हणाले, "रेघेच्या आतून कापा. उरलेलं कानशीनं." दोन दिवस गच्चीवर कानशीचा आवाज चालू होता. ताईच्या मुलीनं शेवटची कड स्वतः घासली. काकांनी बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली.

बोर्ड बसवताना जे कळलं त्यानं आम्ही सगळेच हरखलो. बोर्डाची काही भोकं जुन्या पत्र्यावरच्या भोकांशी थेट जुळली, थोडीच नवी पाडावी लागली. आणि मागचे स्लॉट! दोन कार्डांमधलं ०.८ इंचाचं अंतर १९८३च्या आयबीएम एक्सटीपासून चालत आलेलं आहे. त्यामुळे आजचं ग्राफिक्स कार्ड आमच्या जुन्या खाचेत बसलं आणि बाबांनी फिल्म रोलच्या डबीत जपून ठेवलेल्या स्क्रूनंच आवळलं गेलं. कार्ड लांबीला जास्त होतं, म्हणून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याचे रिव्हेट तोडून तो काढला.

हवेचा प्रश्न त्याहून अवघड. तो ४८६ दहा वॉटही खात नसे. पॉवर सप्लायचा एक पंखा सगळ्या डब्याला पुरायचा. आज साध्या प्रोसेसरवरही ६५ वॉट लिहिलेलं असतं आणि कार्डाचं वेगळं. पुढच्या प्लास्टिकला हात लावायचा नव्हता, म्हणून त्याच्यामागचा पत्रा गोल कापून तिथे पंखा बसवला. हवा तळाच्या फटीतून आत येते आणि पाठीमागून बाहेर जाते.

पुढचं पॉवर बटण हीच एक धोक्याची जागा होती. एटीमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज जाड वायरनं थेट या बटणापर्यंत यायची. नव्या बोर्डाला क्षणभराचा स्पर्श पुरतो. ती वायर मुळापासून काढली आणि बटणाच्या मागे बेलच्या स्विचसारखा दाबून सुटणारा छोटा स्विच लावला. ६६चा आकडा पाच व्होल्टवर पुन्हा लागला. जंपर बदलून कुठलाही आकडा आणता आला असता. तसं करायचं कुणी सुचवलंही नाही.

रंगाबद्दल मतभेद झाले. जुनं प्लास्टिक पिवळं पडलंय आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर उजळतं. आईनं नको म्हटलं आणि विषय संपला.

आता सांगलीच्या मामांनी त्यांचं पेंटियमचं कॅबिनेट पाठवायचं कबूल केलंय. ते एटीएक्स आहे, त्यामुळे खिडकी कापावी लागणार नाही. पंख्याची जागा तेवढी शोधायची आहे, आणि ते काम ताईच्या मुलीनं आधीच मागून ठेवलंय.