'ड' गटातले बाबा

बाबा केंद्र सरकारच्या एका ऑफिसात शिपाई होते, आठवी पास. मी शाळेत असताना, २००८मध्ये सहावा वेतन आयोग लागू झाला आणि 'ड' गटच रद्द झाला. शिपाई, फराश, चौकीदार, सगळे 'मल्टी टास्किंग स्टाफ'. प्रशिक्षण घेऊन बाबा 'क' गटात गेले, १८०० ग्रेड पे. घरी पेढे आले. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याच पगारातून गेली. नव्या भरतीला मात्र दहावी किंवा आयटीआयची अट लागली.

बाबा रिटायर झाले. त्यांची जागा भरलीच नाही. परवा पेन्शनच्या कामाला सोबत गेलो, तर त्यांच्या स्टुलावर एजन्सीचा मुलगा बसलेला.

"कुठल्या गटात रे?" बाबांनी विचारलं.

"गट कसला काका, कंत्राटी आहे."

येताना बाबा रिक्षात गप्पच होते.