धाडहून अजिंठ्याला : भाड्याच्या गाडीतला एक दिवस

धाडच्या माणसाला अजिंठा किती लांब? सकाळी निघाले तर उन्हे चढायच्या आत पोहोचावे, इतकाच. तरीही आमच्या वस्तीत लेणी पाहिलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणारे आहेत, चैत्यभूमीला जाऊन आलेले आहेत. पण डोंगराआडची लेणी राहून गेली. कारण साधे आहे. नागपूर-मुंबईला सोबत मिळते, रेल्वे मिळते. अजिंठ्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि लेकरे-म्हातारी घेऊन एसटी बदलत बसावे लागते. जवळचे म्हणून कधीही जाऊ, असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात.

यंदा श्रावणात आठवडाभर पाऊस लागून राहिला. रानात वाफसा नव्हता, खुरपणी बंद. घरी बसून तरी काय करायचे, म्हणून चार घरांनी वर्गणी काढली आणि एक क्रूझर भाड्याने ठरवली. रविवार असल्याने मुलांना सुट्टी होती. आम्ही मोठे सहा, मुले चार आणि ऐंशीच्या घरातल्या आजी, असे अकरा जण निघालो. सोबत भाकरी, ठेचा, बेसन आणि पाण्याच्या कॅन.

आजींची एकच अट होती. वाटेत त्यांच्या माहेरी थांबायचे. "अजिंठा पाह्यला नाही तरी चालंल, पर माहेराचा फाटा चुकवू नका," असे त्यांनी ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवले होते.

धाड हे बुलढाणा जिल्ह्याचे टोक. पुढे पारधची शीव लागली की जालना जिल्हा, आणि शिवण्याला पोहोचले की छत्रपती संभाजीनगर. तासाभरात तीन जिल्हे होतात. आज ही शीव फक्त पाटीवर दिसते. १९४७ पर्यंत मात्र धाडकडे इंग्रजांचा वऱ्हाड होता आणि पारधकडे निजामाचे राज्य. जुनी माणसे त्या बाजूला अजूनही 'मोगलाई' म्हणतात. आजींचे माहेर मोगलाईतले, सासर वऱ्हाडातले. "माझी माय सांगायची, तिच्या वक्ताला लेक इकडं दिली म्हणजे दुसऱ्या मुलखात दिली," आजी म्हणाल्या. मुलांना ते खरे वाटेना. एकाच मिरचीच्या वावराचा मधला बांध, तो दोन राज्यांची हद्द कसा?

धाडहून एक रस्ता भोकरदनला जातो. आम्हाला तिकडे जायचे नव्हते, पण त्या गावाची एक गोष्ट गाडीत निघालीच. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथे उत्खनन झाले आणि सातवाहन काळातल्या नगराचे अवशेष सापडले. त्याहून मोठी गोष्ट ही की मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गावची माणसे तिथल्या दगडासाठी दान देत होती. धाडच्या मुलांनी हे पाठ करून ठेवावे.

शिवण्याच्या अलीकडे आजींचा फाटा आला. डांबर संपले, चिखल सुरू झाला. ड्रायव्हर कुरकुरू लागला, गाडीचे बूड घासते म्हणाला. शेवटी गाडी वडाखाली ठेवून आम्ही चढण पायी चढलो. डोंगराच्या कुशीतली पंचवीस-तीस घरे, पत्र्याचे छोटे विहार, त्यात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. एसटी तिथे येत नाही. दहावीपर्यंतची मुले फाट्यापर्यंत चालत जाऊन शाळा गाठतात.

आजींच्या भाचीने चहा टाकला. तिची मुलगी यंदा दहावी पास झाली. मार्क चांगले पडले, पण अकरावीचे काय, हा प्रश्न तसाच होता. रोज फाटा गाठून पुढे जायचे तर अंधारात निघावे लागते आणि अंधारातच परतावे लागते. आजी म्हणाल्या, "धाडला आमच्या घरी ठेव की. कॉलेज जवळ हाय." भाची गप्प राहिली. मिरची तोडायला, शेळ्या पाहायला तीच पोरगी हाताशी. "बघू," एवढेच म्हणाली. मग बाहेर पाहत म्हणाली, "आज तेवढी अजिंठ्याला न्या. तिनंबी पाह्यलं नाही."

क्रूझरमध्ये बारावा माणूस दाटीवाटीने बसला.

अजिंठा गावाची जुनी तटबंदी मागे टाकली की घाट लागतो. आपला डोंगर इथे दोन पाणी वाटतो. दक्षिण उताराचा पाऊस पूर्णेतून गोदावरीला मिळतो. उत्तरेकडचा वाघूर नदीने तापीला जातो. त्याच वाघूरने घोड्याच्या नालेसारखा बाक घेतला आहे आणि त्या बाकाच्या कड्यात तीस लेणी कोरलेली आहेत. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी ठेवून एसटीच्या बसने आत जावे लागते.

पायऱ्यांशी डोलीवाले उभे असतात. आजींचे गुडघे पाहून दोघे पुढे आले. आजींनी हात जोडले. "माणसाच्या खांद्यावर बसून म्या बुद्धाकडं जाऊ का?" डोलीवाला रागावला नाही. म्हणाला, "आजी, आमचं पोट त्याच्यावरच हाय. पर तुमचं म्हननंबी खरं हाय." त्याने आजींची पिशवी उचलली, पायऱ्या संपेपर्यंत आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत. आजींनी त्याला दोन भाकऱ्या आणि ठेचा दिला, तो मात्र त्याने घेतला.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर मुले गप्प झाली. सतराव्या लेण्यात वेस्संतर जातकाची चित्रे आहेत, सगळे देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची कथा. पण आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते दहाव्या लेण्यापुढे. हे इथले सर्वांत जुने चैत्यगृह, इसवी सनापूर्वीचे. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता लेण्यांचा 'शोध' लागला म्हणतात. त्याचेही नाव या लेण्यातल्या एका खांबावर खरवडलेले आहे. पण त्याच्या कितीतरी आधीचे नाव दर्शनी कमानीवर ब्राह्मी लिपीत आहे. आमच्यातल्या एकाने ते पुस्तकातून टिपून आणले होते : वासिठीपुत कटहादि. लेण्याचा दर्शनी भाग त्याचे दान. शेजारच्या बाराव्या लेण्यावर घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचे नाव. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे आणि सव्विसाव्या लेण्याच्या लेखात बुद्धभद्र या भिक्खूचे नाव. मंत्री आहे, व्यापारी आहे, भिक्खूही आहे. एकट्या राजाच्या खजिन्यातून अजिंठा उभा राहिला नाही.

"वासिठीपुत म्हणजे काय?" आजींनी विचारले.

"वासिठीचा मुलगा. ती त्याची आई," भाचीच्या मुलीने सांगितले. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती.

"आईचं नाव आधी?" आजींनी कमानीकडे पुन्हा पाहिले.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावापुढे आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले आहे. ते आम्ही आजींना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग लई उशीर केला की."

सव्विसाव्या लेण्यापर्यंत आजी तीनदा बसत बसत आल्या. डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाची सुमारे २४ फुटांची मूर्ती आहे. भगवान उजव्या कुशीवर पहुडलेले, खाली शोक करणारे शिष्य. आम्ही सर्वांनी त्रिसरण म्हटले. मुलीने रडणाऱ्या शिष्यांकडे बोट दाखवून विचारले, "आता आम्हाला कोण शिकवणार, म्हणून रडतात का ते?" यावर कोणी काही बोलले नाही.

परतताना घाटात पाऊस आला. फाट्यावर पोहोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मुलीला उतरवून पुढे निघायचे असे ठरले होते. वडाखाली तिची आई इरले पांघरून उभी होती. हातात कपड्यांचे गाठोडे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दहावीची गुणपत्रिका.

"शेळ्या म्या पाहीन," ती म्हणाली. "पर पोळ्याला धाडा तिला."

ड्रायव्हरने दार उघडून गाठोडे आत घेतले. सकाळी कुरकुरणारा तोच. मुलगी खाली उतरलीच नाही. खिडकीतून आईचा हात धरून राहिली. गाडी सुटेपर्यंत आजी काही बोलल्या नाहीत. पुढे शिवेपाशी त्यांनी तिला विचारले, "तुझ्या मायचं नाव लिहितेस ना वहीवर?"

अकरा जण गेलो होतो, बारा परत आलो. मुलीचे नाव अकरावीला घातले आहे.

वाचकांपैकी ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. सोमवारी लेणी बंद असतात. चित्रांजवळ फ्लॅश लावून फोटो काढू देत नाहीत, आणि भिंतीला हात लावू नये. पायऱ्या पुष्कळ आहेत. म्हाताऱ्या माणसांना सकाळी लवकर न्यावे. चार-पाच घरांनी मिळून गाडी केली तर भाडे अंगावर येत नाही. आणि वाटेत एखादा फाटा दिसला, आत आपली माणसे राहत असतील, तर तासभर थांबावे. लेणी एखादे-दुसरे कमी पाहून होईल. पण गाडीत एक जागा रिकामी ठेवावी.

जयभीम.