बिनबोटांचे हातमोजे

ऑफिसात एसी एवढा, की टायपिंग करताना बोटं गारठतात. म्हटलं, बिनबोटांचे हातमोजे स्वतःच विणू. पण नांदेडच्या उन्हात वाढलेल्याला लोकरीतलं काय कळणार! लावला लातूरला आजीला फोन.

"चाळीस टाके घाल. दोन सुलट, दोन उलट. तुकडा झाला की दुमडून शिव, अंगठ्यापुरती फट सोड."

विसाव्या ओळीत कळलं, टाका पाचव्याच ओळीत सुटलाय. इथे कंट्रोल-झेड नाही राव! वैतागून पुन्हा फोन.

"मग उसव की. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला, तर घरात झोपायची भीती वाटायची. अंगणात बसून तुझ्या मामाचा स्वेटर विणायची, उसवायची. उजाडायचं तसंच."

मी गप्प. मग उसवलं.

डावा झालाय. जोडी झाली की आजीलाच पाठवणार.